समुद्र सर्वांचा, पण सांभाळणार कोण? : एलिझाबेथ मान बोर्गेझे यांचे जीवनकार्य

भाषाविषयक अंकात लेखक, कवी, कोशकार आणि संपादक यांची चरित्रे येतात आणि ती यायलाच हवीत. या वेळी आम्ही वाचकांपुढे थोडे निराळे चरित्र ठेवीत आहोत. या बाईंचे वडील विसाव्या शतकातील जर्मन भाषेचे श्रेष्ठ कादंबरीकार होते. बाईंचे बालपण पुस्तकांच्या आणि संगीताच्या घरात गेले. पुढे मात्र त्यांचे नाव जोडले गेले ते समुद्राच्या कायद्याशी आणि समुद्राचा कारभार शिकवणाऱ्या शाळेशी. त्यांचे नाव एलिझाबेथ मान बोर्गेझे. त्यांना जाऊन आता दोन तपे होत आली. समुद्र ही साऱ्या मानवजातीची सामाईक मिळकत आहे असा विचार जगात रुजवणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. ती मिळकत सांभाळायची तर गरीब देशांतही जाणकार माणसे तयार झाली पाहिजेत, हे ओळखून त्यांनी त्यासाठी निम्मे आयुष्य वेचले. आम्हाला त्यांच्या कार्याचा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. हक्क ठरावाने मिळतात, पण ते टिकतात शिकलेल्या माणसांमुळे.

घर, भाषा आणि देश सुटला

एलिझाबेथचा जन्म २४ एप्रिल १९१८ रोजी जर्मनीतील म्यूनिक शहरी झाला. थॉमस मान आणि कातिया या दांपत्याच्या सहा मुलांपैकी ती पाचवी. पहिले महायुद्ध संपत आले होते, देशात टंचाई होती, तरी वडिलांना या मुलीचे विशेष कौतुक. तिच्या जन्मानंतर त्यांनी तिच्यावर एक दीर्घकाव्य रचले, आणि पुढे एका प्रसिद्ध कथेतील लहान मुलगीही तिच्यावरूनच रंगवली. इझार नदीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या घरात लेखक, गायक, विद्वान यांची ये-जा असे. १९२९ साली वडिलांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा एलिझाबेथ अकरा वर्षांची होती.

चारच वर्षांत हे घर सुटले. १९३३ च्या आरंभी हिटलर सत्तेवर आला त्या सुमारास आई-वडील व्याख्यानांच्या निमित्ताने देशाबाहेर गेले होते. परत येण्यात धोका आहे हे कळल्यावर ते परतलेच नाहीत. मुलेही त्यांच्याकडे गेली आणि कुटुंबाने स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ बिऱ्हाड केले. म्यूनिकचे घर सरकारने जप्त केले. १९३६ साली नाझी सरकारने थॉमस मान यांचे नागरिकत्वही काढून घेतले. ज्या भाषेचा हा लेखक भूषण होता त्या भाषेच्या देशात त्याला जागा उरली नाही. झुरिकमध्ये एलिझाबेथने शालेय शिक्षण संपवले आणि पियानोवादनाची पदविका मिळवली. पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मोठमोठ्या जाणकारांसमोर उभ्या राहणाऱ्या या बाईंचे औपचारिक शिक्षण संगीताचे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९३८ साली कुटुंब अमेरिकेला गेले. पुढच्या वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एलिझाबेथने ज्युझेप्पे आंतोनियो बोर्गेझे यांच्याशी विवाह केला. ते मूळचे सिसिलीचे, इटालियन भाषेतील नामांकित लेखक आणि समीक्षक, मुसोलिनीच्या राजवटीचे कट्टर विरोधक, आणि शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. वयाने ते तिच्यापेक्षा छत्तीस वर्षांनी मोठे होते. हुकूमशाहीमुळे मायभूमीला पारखी झालेली ही दोन माणसे तिसऱ्याच देशात आणि तिसऱ्याच भाषेच्या मुलखात संसाराला लागली. त्यांना दोन मुली झाल्या. एलिझाबेथबाईंची जन्मभाषा जर्मन, संसारामुळे इटालियन जवळची झाली, आणि पुढचे बहुतेक लेखन त्यांनी इंग्रजीत केले. नागरिकत्वही असेच बदलत गेले. अशा अनुभवातून माणूस कडवट होऊ शकतो. बाईंचे तसे झाले नाही. एका देशाने आपल्याला घराबाहेर काढले म्हणून त्यांनी सगळ्या देशांचे मिळून एक घर कसे होईल, याचा विचार सुरू केला.

जगाची राज्यघटना

१९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. त्या बॉम्बच्या संशोधनाचा एक मोठा टप्पा शिकागो विद्यापीठातच पार पडला होता. त्यामुळे तेथील विचारवंतांना ही बाब मनाला लागली. विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांच्या अध्यक्षतेखाली जगाच्या राज्यघटनेचा मसुदा करण्यासाठी एक समिती नेमली गेली. बोर्गेझे तिचे चिटणीस झाले. एलिझाबेथबाई संशोधनाचे काम पाहू लागल्या आणि समितीच्या मासिकाच्या संपादनातही त्यांनी हात घातला. १९४८ साली मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात एक कलम असे होते की पृथ्वी, पाणी, वायू आणि ऊर्जा ही जीवनाची चार मूलतत्त्वे मानवजातीच्या सामाईक मालकीची आहेत. पंचमहाभूतांची कल्पना लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांना त्यात परके काही वाटणार नाही.

शीतयुद्धाच्या काळात हा मसुदा कोणत्याच सरकारने हाती घेतला नाही. लोकांनी त्याला स्वप्नरंजन म्हटले. १९५२ साली बोर्गेझे पत्नी व मुलींसह इटलीला परतले आणि त्याच वर्षअखेरीस वारले. चौतिसाव्या वर्षी एलिझाबेथबाईंवर दोन मुलींची जबाबदारी पडली. फ्लॉरेन्सच्या जवळ राहून त्यांनी नियतकालिकांची संपादने केली, कथा लिहिल्या, स्त्रियांच्या समाजातील स्थानावर पुस्तक लिहिले.

याच काळात त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. आर्ली नावाच्या आपल्या कुत्र्याला त्यांनी खास तयार करवून घेतलेल्या टंकलेखन यंत्रावर नाकाने कळा दाबून शब्द उमटवायला शिकवले. माणूस आणि प्राणी यांच्यातील भाषेची भिंत किती उंच आहे, ती कोठे ओलांडता येते, यावर त्यांनी पुस्तकही लिहिले. हसण्यावारी नेण्यासारखा हा उद्योग नव्हे. धीराने शिकवले तर समजुतीचा पूल बांधता येतो, ही त्यांची श्रद्धा त्यातून दिसते. पुढे हाच धीर त्यांनी समुद्राच्या कामी वापरला.

गायरान आणि समुद्र

१९६४ साली हचिन्स यांनी त्यांना कॅलिफोर्नियातील आपल्या अभ्यासकेंद्रात बोलावून घेतले. तेथे असतानाच १ नोव्हेंबर १९६७ हा दिवस उजाडला. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रसंघात माल्टा या चिमुकल्या बेटराष्ट्राचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी एक प्रदीर्घ भाषण केले. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ आणि त्यातील संपत्ती हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, अशी मागणी त्यांनी केली. पार्दो यांनीही दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांचा आणि नाझींचा तुरुंगवास भोगला होता.

ही मागणी इतकी मोठी का, ते थोडे समजून घेतले पाहिजे. शेकडो वर्षे असा दंडक होता की किनाऱ्यालगतचे सुमारे तीन मैल पाणी त्या देशाचे, बाकीचा समुद्र मोकळा. ऐकायला हे छान वाटते. पण आपल्या गावच्या गायरानाचे उदाहरण घ्या. गायरान सर्वांना मोकळे आहे असे नुसते म्हटले आणि नियम केला नाही, तर ज्याच्या दावणीला शंभर जनावरे आहेत त्याचीच चैन होते. एका शेळीच्या मालकाच्या वाट्याला धूळ येते. समुद्राचे तसेच झाले. ज्यांच्याकडे मोठी जहाजे, मोठी जाळी आणि मोठे भांडवल होते त्यांनाच त्या मोकळेपणाचा लाभ. १९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध आंदोलन केले ते याच कारणासाठी. समुद्र तोच, पण हात सारखे नव्हते.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. चार ते सहा किलोमीटर खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे विखुरलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. १८७३ साली चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या सफरीत ते प्रथम सापडले होते. १९६० च्या सुमारास ते वर काढण्याचे तंत्र आटोक्यात येईल असे वाटू लागले. मग जो आधी पोहोचेल तो मालक, असा प्रकार होण्याची चिन्हे होती.

शिकागोच्या मसुद्यातील कलम विसरले गेले होते, ते पार्दोंच्या भाषणात बाईंना पुन्हा भेटले. साऱ्या जगाची राज्यघटना एकदम होत नसेल, तर पृथ्वीचा सत्तर टक्के भाग व्यापणाऱ्या समुद्रापासून आरंभ करावा, असे त्यांनी ठरवले. १९६८ साली त्यांनी समुद्राच्या कारभाराचा एक आराखडा पुस्तकरूपाने मांडला. १९७० च्या जून महिन्यात त्यांनी माल्टात सागरी शांततेची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. मुत्सद्दी, शास्त्रज्ञ, खाणतज्ज्ञ, मच्छीमारीचे अभ्यासक अशी सहसा एकत्र न बसणारी मंडळी तेथे एकत्र बसली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने सामाईक वारशाचे तत्त्व १०८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारले. १४ देश तटस्थ राहिले.

१९७१ मध्ये माल्टात सरकार बदलले आणि पार्दोंना राष्ट्रसंघातील पदावरून दूर व्हावे लागले. बाईंनी काम थांबवले नाही. १९७२ साली माल्टा विद्यापीठात त्यांनी आंतरराष्ट्रीय महासागर संस्था स्थापन केली. ती कोणा एका सरकारची नव्हती. परिषदा, अभ्यास आणि शिक्षण हे तिचे काम.

सहा भाषांचा कायदा

१९७३ साली संयुक्त राष्ट्रसंघाची समुद्रकायद्याची तिसरी परिषद सुरू झाली आणि ती १९८२ पर्यंत चालली. दीडशेहून अधिक देश तीत होते. आशियाने या परिषदेला दोन अध्यक्ष दिले. प्रथम श्रीलंकेचे शर्ली अमरसिंघे, आणि १९८० मध्ये त्यांच्या निधनानंतर सिंगापूरचे टॉमी कोह. एलिझाबेथबाई सुरुवातीला एका बिनसरकारी संस्थेच्या प्रतिनिधी म्हणून येत. १९७६ पासून त्या ऑस्ट्रियाच्या शिष्टमंडळाच्या सल्लागार झाल्या. ऑस्ट्रियाला समुद्रकिनाराच नाही! पण सामाईक वारसा म्हटला म्हणजे ज्याच्या दारात समुद्र नाही त्याचाही त्यात वाटा आला. त्या देशातर्फे बोलताना बाईंची भूमिका अधिकच स्पष्ट होत असे.

भाषेच्या अभ्यासकांसाठी या परिषदेतील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा कायदा एका भाषेत लिहून इतर भाषांत उतरवला आणि मूळ तेवढे खरे मानले, असे झाले नाही. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश या सहाही भाषांतील पाठ सारखेच अधिकृत आहेत. त्यासाठी मसुदा समितीत सहा भाषागट नेमले होते. त्यांनी कलमामागून कलम आणि शब्दामागून शब्द ताडून पाहिला. एका भाषेतल्या शब्दाने हक्काची कक्षा वाढते आणि दुसरीतल्या शब्दाने कमी होते, असे कोठे होऊ नये म्हणून ही खटपट. शब्दाच्या एका काना-मात्रेने सातबाऱ्याचा अर्थ कसा बदलतो, हे आपल्याकडील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

३० एप्रिल १९८२ रोजी मतदान झाले. १३० देश बाजूने, ४ विरोधात, १७ तटस्थ. विरोध करणाऱ्यांत अमेरिका होती. १० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील माँटेगो बे येथे करारावर सह्या झाल्या, आणि पहिल्याच दिवशी ११९ जणांनी सह्या केल्या. ३२० कलमे आणि ९ परिशिष्टे असा हा मोठा ग्रंथ आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल त्या देशाची हद्द, २०० सागरी मैलांपर्यंत मासे व इतर संपत्तीवर त्याचा खास आर्थिक हक्क, आणि त्याहीपलीकडे, जेथे कोणाचाच खंड-उतार पोहोचत नाही तेथील समुद्रतळ मानवजातीचा सामाईक वारसा, अशी त्याची ढोबळ मांडणी.

पार्दो या निकालावर नाराज होते. दोनशे मैलांच्या पट्ट्यांनी समुद्राचा मोठा आणि समृद्ध भाग किनारी देशांनीच वाटून घेतला असे त्यांचे मत झाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण बाईंनी असे धरले की सामाईक वारसा हा शब्द जगाच्या कायद्यात एकदा आला, तर पुढे त्याचा अर्थ वाढवता येईल. उपाशी राहण्यापेक्षा अर्धी भाकरी घेऊन उरलेल्या अर्धीसाठी खपावे, असा हा व्यवहार होता.

समुद्राची शाळा

आता त्यांच्या कार्याच्या गाभ्याकडे येऊ. परिषदेत बसता बसता बाईंना एक गोष्ट दिसत होती. श्रीमंत देशांच्या शिष्टमंडळात कायदेपंडित, भूगर्भशास्त्रज्ञ, नौदलाचे अधिकारी, खाण कंपन्यांचे सल्लागार असा ताफा असे. नव्याने स्वतंत्र झालेल्या कित्येक देशांचे एक-दोन प्रतिनिधी सगळ्या समित्यांत धावत. मत देण्याचा हक्क दोघांना सारखाच, पण विषय समजण्याची साधने सारखी नव्हती. कायदा झाला की दोनशे मैलांचा समुद्र पदरात पडणार. पण त्यात मासे किती, किती धरावेत, परक्या जहाजांवर नजर कशी ठेवावी, तेलगळती झाली तर दावा कोठे करावा, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद कसा मिटवावा, हे जाणणारी माणसे नसतील तर हक्क कागदावरच राहणार.

म्हणून करार पुरा होण्याची वाट न पाहता १९८० साली महासागर संस्थेने माल्टात विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. १९८१ पासून कॅनडातील हॅलिफॅक्स येथे डलहौसी विद्यापीठात दुसरा वर्ग सुरू झाला. मच्छीमार खात्यातला अधिकारी, बंदरावरचा, परराष्ट्र खात्यातला, नौदलातला आणि शास्त्रज्ञ, असे निरनिराळ्या देशांचे लोक काही आठवडे एकत्र राहत आणि शिकत. आपापल्या देशात हे लोक एकमेकांच्या कचेरीची पायरी चढत नाहीत! समुद्राचे प्रश्न मात्र एकमेकांत गुंतलेले. खाडीत कारखान्याचे पाणी सोडले की मासा जातो, मासा गेला की कोळीवाडा उठतो, आणि तो प्रश्न बंदर खात्याचा की मत्स्य खात्याचा हे ठरेपर्यंत किनारा ओसाड होतो. म्हणून कायदा, विज्ञान, अर्थकारण आणि कारभार हे सारे एकाच वर्गात शिकवले जाई.

हॅलिफॅक्सला बाई १९७८ साली आल्या, तेव्हा त्यांचे वय साठ होते. आपल्याकडे ज्या वयात माणूस निवृत्तीचे हिशेब पाहतो त्या वयात त्या डलहौसी विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. १९८३ साली त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व घेतले. शहराबाहेर, खडकाळ किनाऱ्यावर त्यांचे घर होते. सोबतीला कुत्री, पियानो आणि समोर अटलांटिक महासागर. समुद्राविषयीचे एक मोठे वार्षिक त्यांनी १९७८ पासून सहकाऱ्यांबरोबर संपादित केले. मत्स्यशेती, समुद्रतळावरच्या खाणी, महासागरांचे भवितव्य अशा विषयांवर पुस्तके लिहिली. १९८८ साली कॅनडाने त्यांना आपल्या राष्ट्रीय सन्मानाने गौरवले. पण त्यांची खरी कमाई म्हणजे जगाच्या कानाकोपऱ्यातील मंत्रालयांत आणि प्रयोगशाळांत विखुरलेले त्यांचे विद्यार्थी.

१९९० च्या दशकात संस्थेची केंद्रे निरनिराळ्या देशांत निघाली. सेनेगल, कोस्टा रिका, फिजी, चीन, जपान असा हा विस्तार होता. शिकायला प्रत्येकाने कॅनडाला किंवा माल्टाला यावे असा त्यांचा आग्रह नव्हता. शाळा शिकणाऱ्याच्या दारी गेली पाहिजे, हे तत्त्व प्राथमिक शिक्षणाइतकेच उच्च प्रशिक्षणालाही लागू आहे.

भारताचा वाटा

या विस्तारातील एक केंद्र मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत स्थापन झाले. पण भारताचा या कथेशी संबंध त्याहून जुना आहे, आणि त्याचा मुख्य धागा आपल्या शेजारच्या गोव्यातून जातो. पणजीजवळ दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे ते काळे गोळे प्रथम वर काढले. पुढे मध्य हिंदी महासागरात पद्धतशीर पाहणी झाली. तिच्या बळावर १९८७ साली नव्या कायद्याखाली खाणक्षेत्राची नोंदणी मिळवणारा भारत जगातील पहिला देश ठरला. क्षेत्र होते दीड लाख चौरस किलोमीटर. नियमानुसार त्यातील निम्मे पुढे परत करून २५ मार्च २००२ रोजी भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी संशोधनाचा करार केला.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. असा करार करणाऱ्याने विकसनशील देशांतील माणसांना प्रशिक्षण दिले पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. सामाईक मिळकतीतून कोणी काही घेणार असेल, तर त्याने इतरांना निदान ज्ञान तरी द्यावे. ज्या विचाराने माल्टातील वर्ग सुरू झाला, तोच विचार कराराच्या अटीत उतरलेला दिसतो.

अपुरे राहिलेले

बाईंच्या मनासारखे सारेच घडले असे नाही. साठ देशांनी मान्यता दिल्यावर १६ नोव्हेंबर १९९४ रोजी करार अमलात आला, पण त्याआधी काही महिने औद्योगिक देशांच्या समाधानासाठी समुद्रतळाच्या भागात मोठा फेरबदल झाला. गरीब देशांना तंत्रज्ञान देण्याची सक्ती त्यात सैल झाली. एवढे करूनही अमेरिकेने करार स्वीकारला नाही. बाईंना हा बदल पसंत नव्हता. तरी प्राधिकरणाचे काम जमैकाच्या किंग्स्टन शहरात सुरू झाल्यावर त्या तेथे जात राहिल्या, सूचना मांडत राहिल्या, आणि वर्ग चालूच राहिले. भारताने १९९५ साली करारास मान्यता दिली.

आयुष्याच्या अखेरीस जर्मनीला आपल्या या लेकीची पुन्हा ओळख झाली. २००१ साली मान कुटुंबावर दूरदर्शनसाठी एक मोठी चित्रमालिका निघाली. सहा भावंडांपैकी तोवर हयात असलेल्या एकट्या एलिझाबेथबाई तीत आपल्या जन्मभाषेत जुन्या आठवणी सांगताना लाखो लोकांनी पाहिल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ८ फेब्रुवारी २००२ रोजी, स्वित्झर्लंडमधील सेंट मोरित्झ येथे त्यांचे निधन झाले. वय ८३ होते. झुरिकजवळ किल्शबर्ग येथे आई-वडिलांच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली. भारताचा तो करार त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी झाला.

त्यांचा विषय मात्र संपलेला नाही. राष्ट्रांच्या हद्दीबाहेरील सागरी जीवसृष्टीच्या रक्षणाचा नवा करार जून २०२३ मध्ये संमत झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये साठ देशांची मान्यता पुरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. सामाईक वारशाचे तत्त्व त्यात नावानिशी आले आहे, आणि प्रशिक्षण व तंत्रज्ञानाची देवघेव यांना त्यात स्वतंत्र भाग आहे. दुसऱ्या बाजूला, एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने प्राधिकरणाला वगळून आपल्याच कायद्याने आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर खाणकामाचे परवाने देण्याची दिशा धरली. प्राधिकरणाचे खाणकामाचे नियम २०२५ अखेरपर्यंत ठरले नव्हते. गायरानाचा प्रश्न पुन्हा पंचायतीपुढे आला आहे, असेच म्हटले पाहिजे.

आमच्या दृष्टीने या चरित्राचा बोध काय? समुद्राचा कायदा सहा भाषांत अधिकृत आहे. त्या सहांत मराठी नाही, कोकणी नाही, कन्नड, तमिळ वा मल्याळमही नाही. आपल्या भाषेत समुद्राचे शब्द कमी आहेत असे मुळीच नाही. भरती, ओहोटी, उधाण, मतलई वारा, खाडी, तांडेल, रापण, किती सांगावेत! कोळ्याने आणि खारव्याने हे शब्द पिढ्यान् पिढ्या जपले. उणीव आहे ती दुसरीकडे. दोनशे मैलांचा हक्क म्हणजे काय, मासे किती धरल्यास पुढच्या वर्षी उरतील, परक्या ट्रॉलरची तक्रार कोठे करायची, हे तांडेलाला त्याच्याच शब्दांत समजावून देणारी माणसे थोडी आहेत. परदेशी वर्गात शिकून आलेला अधिकारी इंग्रजीत अहवाल लिहून थांबला, तर बाईंची शाळा अर्ध्या वाटेवरच राहिली असे होईल. ज्ञान किनाऱ्यावरच्या माणसाच्या बोलीत उतरले म्हणजेच ते त्याचे होते.

स्वतःची भाषा आणि देश हिरावला गेलेल्या एका बाईने पियानोची पदविका घेऊन जगाच्या समुद्राची शाळा उघडली. तिच्या चार दशकांच्या कामातून आम्ही शिक्षकांनी एवढे जरी घेतले तरी पुष्कळ झाले. सामाईक वस्तू सांभाळायची तर आधी ती सांभाळू शकणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात. समुद्र असो, गायरान असो की भाषा असो, तिन्हींना हा नियम सारखाच लागू आहे.